तीनशे कप आणि पाचवा मजला

पाचव्या मजल्यावर काचेच्या दाराला यादी चिकटवलेली होती आणि त्या यादीत आमच्या माणसांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

मी कपांची ट्रॉली लिफ्टच्या तोंडाशीच सोडून यादीपुढे उभी राहिले. लिफ्टचं दार ट्रॉलीवर दोनदा आपटलं. मला इंग्रजी अक्षरं सुटी सुटी वाचता येतात. एक नाव पुरं व्हायला वेळ लागतो. म्हणून बोट ठेवून वाचत गेले. यान. पीटर. मार्लूस. अशी नऊ नावं झाली आणि यादी संपली. पाचव्या मजल्यावर निम्मी माणसं आपली. पुण्याची, मुंबईची, शिवाय हैदराबादची आणि चेन्नईची. त्यांच्यातलं एकही नाव नाही. केतकीचंसुद्धा नाही, आणि मला निवडणुकीला उभं तर तिनेच केलं होतं.

तो बुधवार होता. नाव नोंदवायची मुदत शुक्रवारी दुपारी पाचपर्यंत. मतदान पुढच्या बुधवारी. माझी सगळी भिस्त पाचव्या मजल्यावर.

निवडणूक कसली, ते आधी सांगते.

आम्स्टरडॅमला स्लोटरडाइक स्टेशनच्या बाजूला ऑफिसांच्या उंच इमारती आहेत. त्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी सहा वर्षं भांड्यांच्या खोलीत होते. काम सोपं आहे, पण थांबत नाही. उष्टे कप आणि ताटल्या खिडकीतून आत येतात. त्या रॅकमध्ये लावायच्या. रॅक म्हणजे प्लॅस्टिकच्या जाळीची चौकट, एकात पंचवीस कप बसतात. रॅक मशीनमध्ये ढकलायची, गरम वाफेसकट बाहेर ओढायची, कप पुसून ट्रॉलीवर चढवायचे आणि मजल्यामजल्यावर नेऊन ठेवायचे. कुणाशी बोलावं लागत नाही. माझ्यासारखीला ते बरं होतं.

पण मी मुळात स्वयंपाकाची बाई. लग्नाआधी पुण्यात एका खानावळीत पोळ्या लाटायचे, नंतर पूर्ण स्वयंपाक माझ्या हातात होता. आमचे हे एका हॉटेलात कूक म्हणून इकडे आले आणि मी त्यांच्या मागोमाग आले. आता ते विमानतळावर जेवणाचे ट्रे विमानात चढवतात आणि आम्ही तिथून जवळ बाडहूव्हडॉर्प गावात राहतो. चौथीपर्यंतच्या शाळेवर आणि मोडक्या डचवर मला भांड्यांची खोली मिळाली. सहा वर्षं मी त्या खिडकीतून दुसऱ्यांचे पांढरे कोट बघत होते.

त्या वर्षी कॅन्टीनमधला सूपचा काउंटर बंद झाला. ती जागा कुणाला द्यायची, असा प्रश्न आला. कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत. एचआरच्या प्रमुख डोना मॅडमही अमेरिकन. तिकडे तेव्हा निवडणुकीचं वर्ष होतं आणि ऑफिसमधले डच लोक त्यांना सारखे विचारायचे, तुमच्याकडे जास्त मतं मिळालेला माणूस हरतो तरी कसा? सांगून सांगून त्या थकल्या. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये येऊन म्हणाल्या, "आता सांगत नाही, करूनच दाखवते. सूपचा काउंटर कुणाला द्यायचा ते अमेरिकन पद्धतीने ठरेल. जिंकेल त्याला काउंटर आणि वर्षभराचं कूकचं कॉन्ट्रॅक्ट. किचनमधल्या कुणीही उभं राहावं."

कूकचं कॉन्ट्रॅक्ट! मी खिडकीतून ऐकत होते. हातातला कप मी तीनदा पुसला.

पाचव्या मजल्यावरची केतकी ही पुण्याची इंजिनिअर. कप ठेवायला गेले की तेवढी एकटीच माझ्याशी मराठीत बोलायची. एकदा माझ्या डब्यातलं थालीपीठ तिने खाल्लं होतं. ती तडक खाली आली.

"मावशी, तुम्ही उभ्या राहताय."

"मी? मला चार माणसांत बोलता येत नाही हो केतकीताई."

"बोलायचं कशाला? थालीपीठ बोलेल. अर्जावर दहा जणांच्या सह्या लागतात, त्या मी आणते. तुम्ही नाही म्हणू नका म्हणजे झालं."

मी नाही म्हणाले नाही. हो सुद्धा म्हणाले नाही. दुपारपर्यंत सह्या झाल्या होत्या.

अमेरिकेत मोठे पक्ष दोनच. म्हणून डोना मॅडमनी आमच्याकडेही दोनच केले, गरम पार्टी आणि थंड पार्टी. डच माणूस दुपारी थंड पाव-चीज खातो, तेव्हा थंड पार्टी काही लेचीपेची नव्हती. तिकडच्या एका पक्षाचं चिन्ह हत्ती आणि दुसऱ्याचं गाढव, असंही त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, "गाढव? आपणहून घेतलं?"

"विरोधकांनी शिवी दिली होती. यांनी तीच छातीवर लावली," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. आमचे हे म्हणाले, "मग आपल्या गावात किती पक्ष निघतील!"

पहिली पायरी प्रायमरी. म्हणजे पक्षातल्या पक्षात निवडणूक. आपल्याकडे तिकीट मुंबईहून ठरून येतं, कुणाला का मिळालं ते देवाला ठाऊक. अमेरिकेत पक्षाचे साधे मतदारच मत देऊन आपला उमेदवार ठरवतात. गरम पार्टीत आम्ही दोघं, मी आणि पास्ता करणारा मार्को. प्रायमरीला सगळ्यांसमोर दोघांचा एक एक घास ठेवला. मार्कोच्या पास्त्याला सुरी-काटा लागत होता. माझं थालीपीठ लोक हातात धरून चालू लागले आणि चालता चालता दुसरा तुकडा घ्यायला परत आले. तेव्हा यादीबिदी काही नव्हती, हात वर करूनच मतं घेतली. मी अकरा मतांनी निवडून आले. मार्को म्हणाला, "सुमन, आता विमला हरव, नाहीतर तुझ्याशी बोलणार नाही."

विम थंड पार्टीचा. सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, पावाच्या काउंटरवर त्याची हयात गेलेली. कच्चा हेरिंग मासा, वर बारीक चिरलेला कांदा, मऊ पावात. त्याला सूपचा काउंटर हवा होता कारण तिथे खिडकी होती आणि खिडकीतून आगगाड्या दिसायच्या. तो मला 'सूमान' म्हणायचा. विम पाव बांधता बांधता प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचा. त्याला सगळ्या ऑफिसची बाळं आणि कुत्री नावानिशी ठाऊक होती. मला फक्त कप ठाऊक होते.

आता मोजणीची गंमत. सगळी मतं एकत्र मोजायची नाहीत. अमेरिकेत राज्यं असतात, आमच्याकडे मजले. प्रत्येक मजल्याला माणसांच्या हिशेबाने गुण दिलेले. पहिल्याला तीन, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला पाच, चौथ्याला चार आणि पाचव्याला आठ. मजल्यावर ज्याला एक मत जरी जास्त, त्याला त्या मजल्याचे सगळेच्या सगळे गुण. सगळे मिळून सत्तावीस, ज्याचे चौदा होतील तो जिंकला.

केतकीने हिशेब करून सांगितलं, "मावशी, पाचवा आपला. याला सेफ स्टेट म्हणतात. जिथे उमेदवार प्रचारालाही जात नाही, इतकं पक्कं."

म्हणून मी गेले नाही. तसंही मला जायचं नव्हतंच.

आणि आता बुधवारी मी त्या सेफ स्टेटच्या दारात यादीवर बोट ठेवून उभी होते.

केतकीला मी बाहेर बोलावलं. "केतकीताई, यादीत तुमचं नाव नाही."

"असेल हो. एचआरकडे सगळ्यांची नावं असतात."

"मी तीनदा बघितलं."

ती येऊन बघायला लागली. तिच्यामागून तिचे दोन-तीन दोस्तही आले.

"अरे! आमच्या सोसायटीत तर घरी येऊन नाव लिहून नेतात."

"आपोआप येत नाही का हे?"

मागे यान उभा होता. तो डच. तो म्हणाला, "आमच्याकडे तर मतदानाचा कागद पोस्टाने घरी येतो. तुम्हाला कोणी सांगितलं की आपण जाऊन नोंदवायचं असतं?"

"तुझं नाव तर आहे यादीत!" केतकी म्हणाली.

"मला विमने सांगितलं. पाव देताना."

मी तशीच खाली डोना मॅडमच्या केबिनपाशी गेले. दार उघडंच होतं. सहा वर्षांत मी त्या दाराच्या आत फक्त कप उचलायला गेले होते. आत शिरले आणि सवयीने टेबलावरचा कप उचलला.

"सुमन? काही हवंय?"

"मॅडम, पाचव्या मजल्यावर लोकांची नावं नाहीत," मोडकंतोडकं इंग्रजी जुळवत मी म्हटलं.

"हो, बाकीच्या मजल्यांवरही फारशी नाहीत." त्या खुशीत दिसल्या. "तिकडे बहुतेक राज्यांत असंच असतं. ज्याला मत द्यायचंय त्यानेच आधी नाव नोंदवायचं. विसरला तर मतदानाच्या दिवशी घरी बसायचं. निम्मी निवडणूक इथेच होते, पण लोकांना भाषणंच आठवतात."

"कुणी सांगितलं नाही त्यांना."

"रिसेप्शनवर कार्डांचा गठ्ठा ठेवलाय, सुमन. पंधरा दिवस झाले."

तो गठ्ठा मी रोज बघत होते. पोस्टकार्डापेक्षा लहान पांढरी कार्डं. नाव, मजला आणि सही एवढंच भरायचं, आणि पेटीत टाकायचं. मला वाटलं होतं, ती कुठल्या तरी जाहिरातीची आहेत.

बोलून मी जायला निघाले आणि हातातल्या कपाकडे लक्ष गेलं. डोना मॅडमचा कप निळा, कानाजवळ टवका उडालेला, तळाशी नेहमी दोन घोट कॉफी. मी सहा वर्षं कप धुतलेत. केतकीच्या कपावर मांजर आहे. यान टी-बॅगचा दोरा कानाला गुंडाळून ठेवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाई लिपस्टिक स्वतः पुसून कप खाली पाठवतात. विमला माणसं तोंडाने माहीत होती, मला कपाने. पण माहीत तर मलाही होती.

मी वळले. "मॅडम, ती कार्डं मी कपात घालू का?"

"कपात?"

"धुतल्यावर. उद्या सकाळी वर जातात ना कप, त्याच्या आत एक एक."

त्यांनी चष्मा काढला. "कार्डावर तुझं नाव लिहिणार का? किंवा थालीपीठ?"

"नाही."

"काय लिहिणार?"

"मला इंग्रजी लिहिता येत नाही. मराठीत लिहीन. 'नाव नोंदवा' एवढंच."

"मग चालेल. लोकांना नाव नोंदवायला सांगणं हा प्रचार नाही. पण एक अट. सगळ्या कपांत, सारखंच कार्ड. तुझ्या माणसांना एक आणि विमच्या माणसांना दुसरं, असं चालणार नाही."

खरं सांगायचं तर माझ्या मनात पाचव्या मजल्याचेच कप होते. पण मॅडमनी अट घातली, आणि तसेही मशीनमध्ये पाचही मजल्यांचे कप मिसळून जातात. कप तीनशे, म्हणून मी तीनशे कार्डं, वर चार जास्तीची, पिशवीत भरून घरी नेली.

संध्याकाळी मी आणि आमचे हे जेवणाच्या टेबलाशी बसलो. अक्षर माझं बरं आहे. शाळेत गुरुजी माझी पाटी बाकीच्यांना दाखवायचे. मी लिहीत गेले आणि हे मोजत गेले. पन्नास झाल्यावर हे म्हणाले, "सगळ्या गोऱ्यांनाही मराठीतच?"

"अट आहे. सारखंच पाहिजे."

"त्यांना काय कळणार? त्यांना वाटेल मंत्र आहे."

"वाटू दे."

"मग खाली 'ओम' लिही की! लवकर नोंदवतील."

मी हसून हसून दोन कार्डं खराब केली. भाताच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही.

गुरुवारी सकाळी ट्रॉल्या वर गेल्या. साडेनऊपर्यंत काही झालं नाही. मी रॅक ढकलत राहिले. पावणेदहाला खिडकीत एक तोंड दिसलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लिपस्टिकवाल्या बाई. त्यांच्या हातात कार्ड. "हे काय लिहिलंय?" असं डचमध्ये विचारत होत्या. मी तोंड उघडलं आणि डच शब्द आठवेना. मी हाताने सहीची खूण केली आणि रिसेप्शनकडे बोट दाखवलं. त्यांच्या मागे आणखी दोघं, मग चौघं. कुणाला वाटलं कॅन्टीनची लॉटरी, कुणाला वाटलं वाढदिवस. अर्थ विचारायला लोक पाचव्या मजल्यावर केतकीकडे जायला लागले. तिने एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, मग वैतागून आपल्या टेबलावर इंग्रजीत पाटीच लावली. आणि अर्थ कळलेला माणूस कार्ड टाकून देत नव्हता. एवढी चौकशी केली तर भरूनच टाकू, असं त्यांचं चाललं होतं.

अकरा वाजता विम डोना मॅडमना घेऊन आला. हातात त्याच्या कपातलं कार्ड.

"हा प्रचार आहे! माझ्याच कपात माझ्या विरोधी उमेदवाराची चिठ्ठी!"

"काय लिहिलंय त्यात?" मॅडमनी विचारलं.

"मला काय माहीत! थालीपीठ खा, असं असणार."

केतकीला बोलावलं. तिने गंभीर तोंड करून वाचलं, "नाव नोंदवा."

"एवढंच?"

"एवढंच."

विमने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. मग मिशीत हसला. "सूमान, माझी माणसंसुद्धा तू नोंदवते आहेस, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय," मी म्हटलं. पण कप वर गेले होते.

शुक्रवारी पाचला पेटी उघडली. अडीचशेच्या आसपास नावं. पाचव्या मजल्याची यादी दोन कागदांवर गेली. मी पुन्हा बोट ठेवून वाचली. केतकी सापडली.

मंगळवारी भाषणं. प्रत्येकाला दोन मिनिटं. विम बोलला, लोक हसले, कुत्र्यांची नावं आली, टाळ्या झाल्या. मग मला एका उलट्या क्रेटवर उभं केलं. रविवारभर पाठ केलेलं इंग्रजी एका क्षणात गेलं. समोर शंभर माणसं आणि सगळ्यांच्या हातात मी धुतलेले कप. मी म्हटलं, "इट इज हॉट. कम." आणि खाली उतरले.

टाळ्या कशासाठी पडल्या, मला अजून कळलेलं नाही. मार्को म्हणतो, अख्ख्या निवडणुकीत एवढं नेमकं भाषण कुणी केलं नाही.

बुधवारी मतदान. मतपेटी कॅन्टीनच्या कोपऱ्यात ठेवलेली. त्या दिवशी जेवणात दोन्ही उमेदवारांचे पदार्थ होते, म्हणून मी तव्यावर थालीपीठ टाकलं, कडेने तेल सोडलं, तिळाचा आणि कोथिंबिरीचा वास सुटला, तसा विम पुन्हा डोना मॅडमकडे.

"मतपेटीजवळ प्रचाराला बंदी आहे, हे तुम्हीच सांगितलंत. हा वास म्हणजे प्रचार!"

मॅडमनी विचार केला. टेप आणून तव्यापासून पेटीपर्यंत अंतर मोजलं. मग म्हणाल्या, "तक्रार मान्य." पेटी उचलून रिसेप्शनवर नेली. "आता तुझ्या कांद्याचाही वास तिथे यायला नको, विम." विमने माशाचा ट्रे मुकाट्याने झाकला. रांगेतले लोक पोट धरून हसत होते.

दोन वाजता मी हात पुसून मत द्यायला गेले. आम्ही किचनवाले पहिल्या मजल्याच्या यादीत धरलेले. डोना मॅडमनी यादी वरून खाली बघितली. मग खालून वर.

"सुमन, तुझं नाव नाही."

"असेल, मॅडम."

"नाही. तू कार्ड भरलंस का?"

मी आठवून बघितलं. तीनशे कप आणि तीनशे कार्डं. जिच्या कपात कार्ड पडलं नाही अशी एकच बाई, कारण कॅन्टीनमध्ये माझा कपच नव्हता. मी चहा घरून आणलेल्या थर्मासच्या झाकणातून प्यायचे.

"यादीत नाव नाही, तर मत नाही," मॅडम म्हणाल्या. हसू दाबायला त्यांना कष्ट पडत होते. माझ्या मागे विम उभा होता. त्याने आपली मतपत्रिका घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सूमान, तुझ्यासाठी मी हळू देतो." मग आम्ही दोघंही हसत सुटलो. मला डोळे पुसावे लागले.

चार वाजता मोजणी. पहिला मजला. विम पंधरा, मी चौदा. एका मताने गेला. कोणत्या एका, ते सांगायला नको. तीन गुण विमला. केतकीने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. दुसरा मजला विमला, मोठ्या फरकाने. त्याचे दहा झाले. तिसरा माझा, पाच. चौथा माझा, चार. दहा आणि नऊ. राहिला पाचवा, आठ गुणांचा. तो जो घेईल त्याचा काउंटर.

डोना मॅडमनी पाचव्या मजल्याची मतं दोनदा मोजली. सेफ स्टेट म्हणे! अर्ध्या आपल्या मुलांनी हेरिंगला मत दिलं होतं की काय कोण जाणे. तशी चिठ्ठी गुप्त असते आणि मी कुणाला विचारलंही नाही.

"विम छत्तीस," मॅडम म्हणाल्या. मग थांबल्या. अमेरिकन माणसाला थांबायची भारी हौस. "सुमन अडतीस."

केतकीने किंकाळी फोडली. मार्कोने मला उचललं, ते मला अजिबात आवडलं नाही, आणि खाली ठेवलं ते बरं केलं. सतरा विरुद्ध दहा. मी ओढणीचं टोक हातात घट्ट धरून उभी होते.

मग विमने कागद मागितला आणि सगळ्या मजल्यांची बेरीज केली. "थांबा. माझी एकशे तीस मतं आहेत. सूमानची एकशे सतरा. जास्त माणसांना मी हवा होतो!"

सगळे त्या कागदावर वाकले. मला कसंतरी वाटलं.

डोना मॅडम खुर्चीतून उठल्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "हेच! जास्त मतं मिळालेला माणूस हरतो तरी कसा, असं विचारत होतात ना सगळे? असा हरतो. आता मला पुन्हा कुणी विचारू नका."

विमने कपाळावर हात मारला. "आमच्या देशात असं झालं असतं तर आम्ही दोघं आठ महिने एका खोलीत बसून सरकार बनवत राहिलो असतो."

"तोवर लोकांनी खायचं काय?" मी विचारलं. डचमध्ये. शब्द आपोआप आले.

"पाव," विम म्हणाला. "दुसरं काय."

पुढच्या सोमवारी मी पांढरा कोट घालून काउंटरवर उभी राहिले. पाचव्या मजल्यावरचं एकही माणूस आलं नाही. सोमवारी ते सगळे घरून काम करतात. पहिलं गिऱ्हाईक विम. त्याने थालीपीठ हातात घेऊन उजेडात धरलं.

"ही भोकं कशाला?"

"तेल आतपर्यंत जातं. कुरकुरीत होतं."

"आमच्या चीजलाही भोकं असतात. आत काही जात नाही," तो म्हणाला. जुन्या चीजचा एक काप त्याने खिशातून काढून वर ठेवला आणि उभ्या उभ्या खाल्लं. दुसरं मागितलं. मग खिडकीशी जाऊन एक आगगाडी बघितली आणि परत आला.

जाताना त्याने पिशवीतून एक कप काढून काउंटरवर ठेवला. पांढरा, जाड, कानाला टवका नसलेला. त्यावर माझं नाव इंग्रजीत रंगवून घेतलेलं. आत एक कोरं कार्ड आणि कार्डावर पेन्सिलने मराठी अक्षरं. माझ्या कार्डावरून बघून काढलेली, एक अक्षर चुकलेलं. 'नाव नोंववा.'

संध्याकाळी घरी जाऊन मी आधी कपाटाचा खण उघडला. पोस्टाने आलेले डच कागद हे त्यात टाकून ठेवतात. विजेचे, पाण्याचे. त्यांत गेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा एक कागद निघाला. त्यावर माझं नाव होतं. केतकीला फोन करून एक एक अक्षर वाचून दाखवला, तेव्हा तिने अर्थ सांगितला. इथे पाच वर्षं राहिलेल्या माणसाला नगरपालिकेला मत देता येतं, पासपोर्ट कुठलाही असो. तो मतदानाचा कागद होता. निवडणूक कधीच होऊन गेली होती.

पुढच्या खेपेला कागद आला, तो मी खणात टाकू दिला नाही. शाळेच्या हॉलमध्ये मतदान होतं. मतपत्रिका आमच्या टेबलावर मावणार नाही एवढी मोठी, आणि लाल पेन्सिलीने एकच गोल भरायचा. बाईंनी कागदावरचं नाव आणि माझ्या कार्डावरचं नाव जुळवलं आणि मान डोलावली. मी बाहेर येऊन ह्यांची वाट बघत उभी राहिले. ह्यांना एवढी नावं बघून ठरवायला फार वेळ लागला.

कॅन्टीनमध्ये पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक झाली नाही. डोना मॅडम म्हणाल्या, एकदा कळलं तेवढं पुरे. काउंटर माझ्याकडेच आहे. थालीपिठावर चीज हवं का, असं आता मीच विचारते, आणि निम्मे लोक हो म्हणतात.

मी शिकले ते एवढंच. लोकांना आपण आवडतो की नाही, ही पुढची गोष्ट. आधी यादी बघायची, आणि त्यात आपलं स्वतःचं नाव धरून बघायची. आणि नोकरीच्या ठिकाणी आपला एक कप ठेवायचा.